काशीचे दोन जामीन

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सदस्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्या आग्रहावरून इथं छापत आहोत.)



वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकानं उभं राहायचं आणि आकडे वाचायचे, अशी आपली रीत आहे. बचत किती, कर्जवाटप किती, परतफेड किती टक्के. ते सगळं अहवालात छापलंय आणि कोषाध्यक्ष ताईंनी आत्ताच वाचूनही दाखवलंय. मला पंधरा मिनिटं दिलीत. त्या पंधरा मिनिटांत मी एका म्हाताऱ्या मांजराबद्दल बोलणार आहे.

हसा, हसा. मी पण आधी हसलेच होते. त्या हसण्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्या पुरंदरच्याच एका गावातली ही गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथल्या गटात एक आजी होत्या. गटात सगळ्यात वडील. गट सुरू झाला तेव्हा अंगठा देणाऱ्या, आणि पुढं नातवाच्या पाटीवर गिरवून गिरवून सही शिकलेल्या. घरात एकट्या. पोरगा हडपसरला कंपनीत. दारात एक शेळी आणि घरात एक मांजर. मांजराचं नाव काशी.

काशी का? आजी सांगायच्या, "मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहायला लागतं म्हणतात. मला कुठलं सोनं आन कुठली काशी? म्हणून घरातच आणून ठिवली." पावसात भिजलेलं, डोळे चिकटलेलं पिल्लू होतं ते. त्याला तेरा वर्षं झाली. मांजराची तेरा वर्षं म्हणजे माणसाच्या हिशेबात अडुसष्टीच्या आसपास. म्हणजे दोघी म्हाताऱ्याच.

मागच्या पावसाळ्यात आजी पहाटे अंधारात न्हाणीपाशी पडल्या. खुबा मोडला. पोरगा आला आणि घेऊन गेला. शेळी विकली. काशीला मात्र आजींनी सोडलं नाही, पिशवीत घालून बरोबर नेली. दिवाळीनंतर आजी गेल्या.

संक्रांत झाल्यावर मला त्यांच्या मुलाचा फोन आला. कशासाठी? तर आजींची गटातली बचत. वारसाचं नाव रजिस्टरला होतं, ठराव करून रक्कम द्यायची होती. ते सगळं पाच मिनिटांत ठरलं. आपली लिखापढी चोख असल्याचा मला अभिमानच वाटला. मग फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "दादा, काशी कशी आहे?"

तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, तिला निवाऱ्यात ठेवलीय. मोकाट जनावरं ठेवतात तिथं. दोन खोल्यांत पाच माणसं, मंडळींना दमा. काय करणार?"

त्याला नावं ठेवायला मी इथं उभी नाही. त्यानं तिला पोत्यात घालून नदीपल्याड सोडली नाही, हेच पुष्कळ. आपल्याकडं काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. मांजर जास्त झालं, म्हातारं झालं, घाण करायला लागलं, की बाजाराच्या दिवशी पोतं बांधायचं आणि लांब कुठंतरी सोडून यायचं. मारलं तर पाप, काशीला सोन्याचं मांजर. सोडलं तर काही नाही! पण तायांनो, पाळलेलं जनावर विनाकारण असं उपाशीतापाशी सोडून देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 सालापासून आहे. दंड फार नाही, पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. पण दंड कमी आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही.

मी निवाऱ्यात गेले. चांगली माणसं होती तिथली, पण जागा थोडी आणि जनावरं फार. पुढच्या पिंजऱ्यांत पिल्लं. जो येतो तो पिल्लं मागतो. पाठीमागच्या रांगेत वयस्कर मांजरं. तिथल्या ताई म्हणाल्या, "म्हाताऱ्या मांजराला कुणी बघितलंच तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, अजून किती वर्षं जगेल?" काशी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. पिंजऱ्यावर चिठ्ठी होती : मादी, वय अंदाजे 13, शांत.

शांत कसली? ती खात नव्हती. आणि मांजराचं एक लक्षात ठेवा, माणूस चार दिवस उपास करून उठतो, मांजराला ते झेपत नाही. मांजरानं दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर अंगातली चरबी लिव्हरवर चढते आणि जिवावर बेततं. म्हणून तिथल्या ताई तिला बोटानं भरवत होत्या.

मी तिथंच कबूल करून बसले, "हिला गावाला नेते, आमच्या बाया ठेवतील." कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला दोन वर्षं शिकवतात, की लोकांच्या वतीनं निर्णय घेऊ नका. मी एका मांजरापुढं ते विसरले.

पुढच्या मासिक बैठकीत विषय मांडला. बचत झाली, कर्जमागणी झाली, मग 'इतर विषय'. अकरा जणी बसलेल्या. एका काकूंनी तोंडावर विचारलं, "ताई, म्हाताऱ्या माणसांना ठेवायला घरात जागा नाही म्हणतात लोक. आन तुम्ही मांजराचं म्हातारपण काढायला सांगताय?"

प्रश्न खरा होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की माणूस काय करतं? माल खपवायला बघतं. मी म्हणाले, "अहो, फुकटची उंदराची राखण होईल. धान्याला बरंच आहे की."

एका ताईंकडं वाटाण्याचं बी ठेवलेलं होतं, ज्वारीची पोती होती, उंदरांनी हैराण केलं होतं. त्या लगेच म्हणाल्या, "मग द्या मला."

दुसऱ्या एका सदस्याचा मुलगा टेम्पोतून वाटाणा मार्केट यार्डात नेतो. परत येताना गाडी रिकामी. त्यानं हडपसरवरून निवाऱ्याकडं गाडी वळवली. भाजीच्या एका क्रेटवर दुसरा क्रेट उपडा बांधला, आत आजींचं जुनं लुगडं अंथरलं, ते त्यांच्या सुनेनं काढून दिलं होतं. दिवे घाट चढेपर्यंत काशी रडत होती म्हणे. घाट चढून वर आल्यावर गप्प झाली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. त्या ताईंच्या दारात कुत्रा. काशीला पहिल्याच दिवशी पोत्यांच्या खोलीत सोडली आणि दार उघडं. तेरा वर्षांच्या मांजराला कुठले उंदीर? तिचे दोन दात तर निवाऱ्यात काढले होते. मागचे पाय आखडलेले, पोत्यावर चढता येईना. दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या रात्री गेली निघून.

आम्ही विहिरी बघितल्या, गंजीखाली बघितलं, रस्त्याच्या कडेनं बघितलं. पाचव्या दिवशी सकाळी दूध घालायला निघालेल्या पोराला ती दिसली. आजींच्या बंद घराच्या उंबऱ्यावर. कुलपाखाली. थंडीनं अंग फुलवून बसलेली.

आपण म्हणतो ना, कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं. ती बरोबर आपल्या घरी गेली होती. घरच तेवढं बंद होतं.

त्या ताईंनी मला काही बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायला होतं, तिला दिसत नाही धड, चढता येत नाही. मी तशी सोय केली नसती का? नाहीतर नाही म्हणले असते." ते ऐकताना मला आपल्या विक्रीच्या प्रशिक्षणाची आठवण झाली. पापडाच्या पाकिटावर खोटं लिहू नका, गिऱ्हाईक एकदाच येतं, हे मीच तुम्हाला शिकवते. आणि एका जिवाबद्दल मीच खोटं लेबल लावलं.

तेव्हा पहिली गोष्ट पदरी बांधा. म्हाताऱ्या जनावराला घर शोधायचं असेल, तर आधी त्याचे दोष सांगा. वय सांगा, आजार सांगा, खर्च सांगा. हे ऐकूनही जी हो म्हणेल, तिचंच घर खरं.

पुढच्या बैठकीत मी माफी मागितली आणि सगळं खरं सांगितलं. काशीची किडनी कमजोर झालीय, म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा. ती पाणी फार पिते आणि लघवी फार करते. एका डोळ्यानं अंधुक दिसतं. उंदीर धरणार नाही. कदाचित वर्ष जगेल, कदाचित दोन. तिच्याकडून कुणाला काहीही मिळणार नाही.

कुणी बोललं नाही. मग आपल्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मदतनीस मावशी आहेत, एकट्या राहतात, आजींच्या घरापासून दोन घरं सोडून. काशी त्या उंबऱ्यावर सापडल्यापासून तिला तात्पुरतं त्यांनीच आत घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "मी ठेवली असती. पण मीच बासष्टची. मला शुगर. उद्या मला दवाखान्यात ठेवलं तर हिनं पुन्हा पिंजऱ्यात जायचं का?" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हातारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला का गेली नाही, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक होतं, तायांनो. म्हणजे मला सांगितलं होतं. मी या भागात आले त्या वर्षी शिबिराची तारीख घेऊन आजींकडं गेले होते. पुढच्या वर्षीही गेले. दोन्ही वेळेला त्या म्हणाल्या, "शेळी आन काशी कुणाकडं टाकू?" मी हसले. बाहेर येऊन फॉर्मवर लिहिलं, 'सदस्य तयार नाही'.

सदस्य तयार होती. तिच्या जनावरांची सोय तयार नव्हती. एवढा फरक मला कळला नाही. डोळ्यांवर पडदा घेऊन ती बाई दोन वर्षं अंधारात चाचपडत वावरली आणि एक दिवस पहाटे पडली. मोतीबिंदूमुळंच पडल्या असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या फॉर्मवरचे तीन शब्द मला आजही दिसतात.

त्या बैठकीत मग ज्या काकूंनी "मांजराचं म्हातारपण" म्हणून विचारलं होतं ना, त्याच बोलल्या. म्हणाल्या, "कर्जाला आपण दोन जामीन घेतो. कर्जदारावर विश्वास नाही म्हणून घेत नाही, अडचण कुणालाही येते म्हणून घेतो. मग मांजराला दोन जामीन घ्या. मावशी ठेवतील. मावशींना काही झालं तर पहिला जामीन, तिला अडचण आली तर दुसरा."

ठराव झाला. इतिवृत्तात लिहिला गेला, मी आजच आणलाय वाचायला : "काशी नावाचे मांजर सदस्य मावशींनी सांभाळावे. त्या आजारी अथवा बाहेरगावी असल्यास पहिला जामीन व नंतर दुसरा जामीन यांनी सांभाळावे. कोणीही बाहेर सोडू नये." पहिल्या जामीन आपल्या अध्यक्षा. दुसरी सही त्या काकूंची.

गटाच्या पैशाला हात लावला नाही, ते मी स्पष्ट सांगते. ते पैसे ज्या कामाचे, त्याच कामाला. अकरा जणी स्वतःच्या मर्जीनं महिन्याला दहा-दहा रुपये वेगळ्या डब्यात टाकतात. एकशे दहा रुपये. अंडी, कोंबडीचे तुकडे आणि डॉक्टरांकडं जायचं भाडं. बाकीचं मावशी बघतात.

आता दुसऱ्या वेळी आम्ही काय वेगळं केलं ते सांगते, कारण तुमच्याही गावात असं एखादं जनावर असेल. निवाऱ्यातल्या ताईंनी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि आपल्या पशुसखी ताईंनी सांगितलं, तसं केलं.

आधी एकच खोली दिली. मोठं घर एकदम दाखवलं की मांजर भेदरतं. एका कोपऱ्यात आजींचं लुगडं अंथरलं, न धुता. मांजर डोळ्यांपेक्षा वासावर जास्त जगतं, ओळखीचा वास असला की निम्मी भीती जाते. खाणं आणि पाणी एका बाजूला, मातीची पाटी दुसऱ्या बाजूला. पाटी कमी काठाची घेतली, कारण पाय उचलत नाहीत. झोपायला उंच जागा नको, चुलीच्या भिंतीशी ऊब मिळेल अशी जमिनीवरची जागा दिली.

तीन आठवडे बाहेर सोडली नाही. तोवर जागेचा वास अंगवळणी पडतो. घाईनं सोडलं की जुन्या घराची वाट धरतं, ते आपण भोगलंच होतं. आणि कुणीही जाऊन उचलायचं नाही. मावशी नुसत्या जवळ बसून तांदूळ निवडायच्या. नवव्या दिवशी काशी आपण होऊन सुपाच्या कडेला येऊन बसली.

खाण्याचं नीट ऐका. मांजर हे मांस खाणारं जनावर आहे. नुसत्या दूध-भाकरीवर ते धड राहत नाही. मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचतही नाही, हगवण लागते. उकडलेलं अंडं, शिजवलेली कोंबडी, साधी मासळी द्या, पण मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यानं मांजराच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. खारवलेलं सुकट नको, म्हाताऱ्या मांजराच्या किडनीला मीठ बाधतं. खाणं जरा कोमट करून द्या, म्हातारपणी वास कमी येतो, कोमट केलं की वास सुटतो. पाण्याची वाटी कधी रिकामी ठेवू नका. पाणी जास्त पिते म्हणून पाणी बंद करायचं नसतं, ती तिची गरज आहे.

औषधाचं तर माझ्याकडून शपथ घ्या. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. एका गोळीनं मांजर दगावू शकतं. कुत्र्याच्या गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातल्या काही औषधांनी मांजराला विषबाधा होते. घरात उंदराचं औषध टाकलं असेल तर मांजर कोंडून ठेवा, विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरतं.

आणि आपली काळजी. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजराकडूनही होऊ शकतो. मांजर पाळलंय तर त्याला लस टोचून घ्या, दरवर्षी. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं, तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गरोदर बाईनं मांजराची घाण काढू नये, दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज काढावी आणि हात साबणानं धुवावेत. पण त्यासाठी मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही.

हे झालं मांजराचं. आता तुमचं.

काशीचा ठराव झाल्यावर पुढच्या महिन्यात एक वहिनी बैठक संपल्यावर मागं थांबल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, म्हशीला जामीन मिळतो का?"

त्यांना गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं. अंगावर काढत होत्या. घरी सासरे, मुलगा दहावीत, नवरा कामावर. दोन वेळची धार कोण काढणार? म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. दूध बंद म्हणजे कर्जाचा हप्ता बंद. म्हणून बाईचं दुखणं बंद करून ठेवलं होतं.

आम्ही पुन्हा बसलो. दोघी शेजारणी जामीन झाल्या. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस रोज त्यातली एक जण वहिनींबरोबर धारेला बसली, म्हणजे म्हशीला तिच्या हाताची सवय झाली. वहिनी दवाखान्यात असताना दूध डेअरीला वहिनींच्याच खात्यावर गेलं. हप्ता चुकला नाही. वहिनी आज इथं तिसऱ्या रांगेत बसल्यात. उठायला सांगत नाही, लाजतील.

म्हणून माझी या सभेला एक विनंती आहे. आपल्या प्रत्येक गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान वाढवा. वारसाचं नाव आपण लिहितो, ते आपल्या माघारी पैशाचं काय व्हायचं त्यासाठी. हे पान आपण जिवंत असताना, आजारी पडलो तर काय, त्यासाठी. प्रत्येकीच्या नावापुढं लिहा : घरात कोणती जनावरं आहेत, गाय, म्हैस, शेळ्या, कोंबड्या, कुत्रं, मांजर. त्यांना खायला काय आणि किती वाजता. धार कोण काढू शकेल. कुठलं औषध चालू आहे. जनावर मारकं आहे का, चावरं आहे का, खरं लिहा. आणि खाली दोन नावं, पहिला जामीन, दुसरा जामीन. वर्षातून एकदा ते पान वाचा, कारण जनावरं बदलतात आणि शेजारही बदलतो.

खर्च काही नाही. एक पान आणि एका बैठकीतली वीस मिनिटं. पण कुठली तरी बाई डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलत असेल, गाठ लपवत असेल, दुखरा गुडघा ओढत असेल, तिला "माझ्या माघारी गोठ्याचं कोण बघेल?" म्हणायला कारण उरणार नाही. आणि आमच्यासारख्या समन्वयकांनी 'सदस्य तयार नाही' असं लिहायच्या आधी एक प्रश्न जास्त विचारायचा : काय झालं म्हणजे तुम्ही तयार व्हाल? मी तो प्रश्न तीन वर्षं उशिरा शिकले.

त्या काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला आता थोडं सापडलंय. माणसांना जागा नाही आणि तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलात, असं त्या म्हणाल्या होत्या. खरं आहे. पण जिच्याकडून काहीच मिळणार नाही, तिला ठेवायचं कसं, हे आम्ही एका मांजरावर शिकलो. ते शिकल्यावर गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडं गट आपोआप बघायला लागला. आता दर बैठकीनंतर दोघी जणी पाळीनं मदतनीस मावशींकडं जातात. काशीला बघायला म्हणून जातात. मावशींनी शुगरची गोळी घेतली का, तेही बघून येतात. मावशींना ते कळतं. त्या काही बोलत नाहीत, चहा टाकतात.

काशी कशी आहे? परवाच जाऊन आले. वजन थोडं उतरलंय. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं बरी आहे. दुपारी ती मावशींच्या घरातून निघते, हळूहळू दोन घरं ओलांडून आजींच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. ऊन कलेपर्यंत बसते. मग परत येते. तिला कुणी आणायला जात नाही. ती आपली आपण परत येते.

माझी पंधरा मिनिटं झाली. ते पान आज घरी जाऊन नाही, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर भरा. रजिस्टर बघायला मी येणारच आहे, आणि या वेळी बचतीच्या आधी तेच पान उघडायला सांगणार आहे.